नऊ पॉइंट दहाची खोली

मावशीने साताऱ्यात घेतलेल्या फ्लॅटची मागची बेडरूम माझ्या लॅपटॉपवर सतरा इंचांनी अरुंद झाली होती. खरी खोली होती तेवढीच होती. पण मी, मावशी आणि काका असे तिघं पंधरा दिवस लॅपटॉपमधल्या खोलीकडे बघून निर्णय घेत होतो आणि त्यातला एक निर्णय भिंत पाडायचा होता. पाडायला आलेल्या मिस्त्रींनी आधी टेप लावली म्हणून वाचलो. चूक कुठे झाली, ती आधीच का दिसली नाही आणि फाइल नंतर कशी सरळ केली, ते इथे मांडतोय. हौसेने घराचे नकाशे करणाऱ्या कुणाच्याही हातून हे होऊ शकतं, कारण यातली एकही चूक अवघड नाही.

मी आर्किटेक्ट नाही, पतसंस्थेत हिशेब लिहितो. स्वीट होम थ्रीडी हा प्रोग्रॅम मी चार-पाच वर्षं वापरतोय. इमॅन्युएल प्युबारे या फ्रेंच प्रोग्रॅमरने तो जावामध्ये लिहिला, २००६ पासून तो मिळतो, मुक्त परवान्याचा आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. वरच्या अर्ध्या पडद्यावर आडवा नकाशा, खाली त्याचंच त्रिमित चित्र, डावीकडे फर्निचरची यादी. भाऊबंदांत कुणी घर घेतलं की मला फोन येतो.

हातात काय होतं

फ्लॅट रीसेलचा, दोन बेडरूमचा, तिसऱ्या मजल्यावर, इमारत वीसेक वर्षांची. आधीच्या मालकांच्या कागदांत बिल्डरचं जुनं माहितीपत्रक निघालं. काकांनी ते डायनिंग टेबलावर ठेवून फोटो काढला आणि व्हॉट्सॲपवर पाठवला. टेबल उजेडात, काकांची सावली नकाशावर, मोबाइल तिरका. आकडे मात्र वाचता येत होते. दक्षिणेला हॉल १५.९ × १०.० आणि त्याला लागून स्वयंपाकघर ८.० × ९.०. उत्तरेला एक बेडरूम १०.६ × १२.०, मध्ये ३.० चा पॅसेज, आणि पलीकडे कोपऱ्यातली ही मागची बेडरूम, ९.१० × ११.६.

मावशीची अट एकच होती. सासूबाईंच्या वेळचा सागवानी पलंग मागच्या बेडरूममध्ये बसला पाहिजे. पलंग सहा फूट बाय सव्वासहा. त्याच्यासमोर दोन फूट खोलीचं कपाट. बाकी काय वाट्टेल ते कर, म्हणाली.

पलंगाची रुंदी आणि कपाटाची खोली मिळून आठ फूट. बेडरूम नऊ फूट दहा इंच. मधे एक फूट दहा इंच उरतात. पलंग एका भिंतीला चिकटवला तर कपाटाची दीड फुटी झडप उघडते आणि माणूस आडवा होऊन का होईना, जातो. हा हिशेब कागदाच्या पाठीवर दोन मिनिटांत झाला असता. तो मी केला नाही, कारण लॅपटॉपवर खोली तयार असताना कागदाकडे कोण वळतो?

फोटोवरून गिरवायचा प्रयत्न

पहिली संध्याकाळ फोटोवर गेली. या प्रोग्रॅममध्ये नकाशाचं चित्र मागे टाकता येतं. चित्रातल्या माहितीच्या एका लांबीवर रेघ ओढायची, ती लांबी किती ते लिहायचं, आणि मग चित्रावरून भिंती गिरवायच्या. मी रेघ ओढली ती हॉलच्या दारावर, कारण दार तीन फुटांचं असतं हे मला ठाऊक होतं. फोटोत ते दार जेमतेम चाळीस ठिपक्यांचं होतं. रेघेचं टोक दोन ठिपके इकडेतिकडे झालं की पाच टक्के फरक. तीन फुटांच्या दारात तो दोन इंचांचाही नाही, पण सव्वीस फुटांच्या फ्लॅटवर तोच सव्वा फुटाच्या वर जातो. स्केलची रेघ नकाशातल्या सगळ्यात लांब माहितीच्या मापावर घ्यावी, हे मला नंतर सुचलं.

शिवाय फोटो तिरका. हॉलची जवळची बाजू मोठी, उत्तरेकडच्या खोल्या बारीक. काकांना मोबाइलमधल्या स्कॅनच्या ॲपने फोटो काढायला सांगितलं असतं तर चारी कोपरे सरळ होऊन आले असते. मी वैतागून चित्र काढून टाकलं आणि ठरवलं की आकडे छापलेले आहेत ना, आकड्यांवरूनच काढू. पुढच्या सगळ्या घोटाळ्यात मी संशय घेत राहिलो तो या फोटोवर, आणि तोवर फोटो फाइलमधून गेलेला होता.

तीन चुका, एकावर एक

आकडे फुटांत, मला सवय सेंटिमीटरची. स्प्रेडशीट उघडली, एका रकान्यात माप, शेजारी गुणिले ३०.४८. पतसंस्थेत दिवसभर हेच करतो, हात आपोआप चालतो. १५.९, एंटर. १०.०, एंटर. ९.१० टाकलं, एंटर दाबलं, आणि चौकटीत ९.१ उरलं.

मी ते पाहिलं. म्हणजे डोळ्यांसमोरून गेलं. शेवटचं शून्य शीट खाते हे रोजचंच, रुपयांत ९.१ आणि ९.१० एकच. पण माहितीपत्रकातला टिंब दशांशाचा नव्हता. नऊ फूट दहा इंच लिहिण्याची ती आपल्याकडची पद्धत, गवंड्यापासून बिल्डरपर्यंत सगळे तसंच लिहितात. नऊ फूट दहा इंच म्हणजे २९९.७ सेंटिमीटर. शीटने दिले २७७.४. आणि रकान्याला दोन दशांश लावून ९.१० दिसत ठेवलं असतं तरी गुणाकार हाच आला असता.

यातली गंमत नंतर कळली. इंच एक ते नऊपर्यंत असतील तर ही चूक अगदी छोटी असते. नऊ इंचांना १५.९ लिहिलं की माप पावणेदोन इंचांनी वाढतं, सहा इंचांना सव्वा इंचाने, आणि एक इंच असेल तर फरक सुताभराचा. दहा आणि अकरा इंचांवर आलं की मात्र ती एकदम उलटते. दहाला पावणेनऊ इंच कमी, अकराला पावणेदहा. फ्लॅटमध्ये पाच-सहा मापं असली तर त्यातलं एखादंच दहा-अकराचं असणार. म्हणजे बाकी घर बरोबर वाटतं आणि एकच खोली बिघडते. मग आपण खोलीला नावं ठेवतो.

दुसरी चूक भिंतीची. या प्रोग्रॅममध्ये भिंत काढताना जी लांबी दिसते ती भिंतीच्या मध्यरेषेची. सुरुवातीचं टोक आणि शेवटचं टोक दोन्ही भिंतीच्या जाडीच्या मधोमध धरलेले असतात. मी प्रत्येक भिंतीला माहितीपत्रकातलं माप जसंच्या तसं दिलं. पण ते माप खोलीच्या आतलं, एका भिंतीच्या पृष्ठापासून समोरच्या पृष्ठापर्यंतचं. म्हणजे प्रत्येक खोलीतून दोन्हीकडच्या भिंतींची अर्धी अर्धी जाडी वजा झाली.

तरी सुरुवातीला हे दिसलं नसतं, कारण नव्या भिंतीची आयती जाडी साडेसात सेंटिमीटर असते. लाकडी किंवा जिप्समच्या पार्टिशनला ती शोभेल. साताऱ्यातल्या वीस वर्षांपूर्वीच्या इमारतीत आतली भिंत प्लास्टरसकट सहा इंच, बाहेरची नऊ इंची विटेची, दोन्हीकडून प्लास्टर धरून दहा. मी शहाणपणा करून सगळ्या भिंती निवडल्या आणि जाडी बदलली, आतल्या १५, बाहेरच्या २५. बरोबरच केलं. फक्त मध्यरेषा जागच्या जागी राहिल्या आणि भिंती दोन्हीकडे फुगून खोल्यांत घुसल्या. मागची बेडरूम कोपऱ्यात असल्याने तिला एका बाजूने आतली आणि एका बाजूने बाहेरची भिंत. साडेसात अधिक साडेबारा, वीस सेंटिमीटर गेले. २७७.४ मधून वीस वजा, उरले २५७.४. आठ फूट पाच इंच.

तिसरी चूक कबूल करायला जीवावर येतंय. उत्तरेकडच्या खोल्या आणि दक्षिणेकडच्या खोल्या यांची एकूण लांबी जुळेना. दोन्ही रांगा त्याच दोन बाहेरच्या भिंतींच्या मधे आहेत, त्यामुळे त्या जुळायलाच हव्यात. दक्षिणेची रांग लांब, उत्तरेची आखूड. इथे थांबून मापं तपासायला हवी होती. मी काय केलं, तर मागची बेडरूम तिच्या बाहेरच्या भिंतीसकट धरून ओढली आणि ती भिंत खालच्या भिंतीच्या रेषेत आणली. मधली जागा पॅसेजने खाल्ली. माहितीपत्रकात पॅसेज ३.० होता, माझ्याकडे तो तीन फूट आठ इंच झाला. त्रिमित चित्रात कॅमेरा फिरवून मावशीला दाखवलासुद्धा, बघ किती ऐसपैस आहे म्हणून. दोन बाजू जुळत नसताना ‘सस्पेन्स’ खातं टाकून ताळेबंद मिळवणाऱ्या नव्या कारकुनाला मी ऑफिसात ओरडतो. पॅसेज हे माझं सस्पेन्स खातं होतं.

भिंत पाडायचं कसं ठरलं

चित्रात पलंग ठेवला, कपाट ठेवलं, मधे पाच इंच उरले. मावशी हिरमुसली. काका म्हणाले, पलंग विकून टाकू. यावर घरात जे झालं ते लिहीत नाही.

मग मीच तोडगा काढला. बेडरूम अरुंद, पॅसेज ऐसपैस, मधली भिंत आठ इंच पॅसेजकडे सरकवायची. पॅसेज तीन फुटांचा राहील, खोलीत पलंग आणि कपाटामधे तेरा इंच होतील, कपाटाला सरकते दरवाजे करायचे. चित्रात ते इतकं छान बसलं की कुणाला शंका आली नाही. आली असती तरी मी तिला उत्तर दिलं असतं, कारण माझ्याकडे सेंटिमीटर होते आणि बाकीच्यांकडे अंदाज. प्रत्यक्षात तीन फुटांचा पॅसेज दोन फूट चार इंचांवर आला असता. त्यातून तो पलंग कधी आतच गेला नसता.

सोसायटीकडे अर्ज गेला. मिस्त्री खर्चाचा अंदाज द्यायला आले, मी रविवार म्हणून तिथेच होतो. लॅपटॉप उघडून पॅसेज दाखवला. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग पॅसेजकडे, मग परत पडद्याकडे.

“साहेब, हा कुठला फ्लॅट?”

“हाच.”

त्यांनी कमरेची टेप काढली, एक टोक पोराच्या हातात दिलं. पॅसेज तीन फूट. बेडरूममध्ये गेले. “नऊ फूट नऊ. खोली तर चांगली आहे की हो. पाडायचं कशाला?”

मावशी माझ्याकडे बघत होती. काका खिडकीतून अजिंक्यतारा बघत होते.

छापील मापापेक्षा एक इंच कमी आला तो प्लास्टरमुळे असावा. माहितीपत्रकातली मापं बरेचदा विटेपासून विटेपर्यंतची असतात, दोन्हीकडे अर्धा-पाऊण इंच प्लास्टर जातं. त्याचं काही वाटलं नाही. मी पॅसेजमध्ये उभा राहून दोन्ही हात पसरले तर कोपरं वाकवावी लागली. इतकी साधी तपासणी करायला पंधरा दिवस लागले.

फाइल नव्याने

त्याच दुपारी मी आणि मिस्त्रींचा पोरगा, दोघांनी मिळून घर मोजलं. प्रत्येक खोलीची आतली लांबी, रुंदी आणि एक कर्ण. कर्ण मोजायला मिस्त्रींनी सांगितलं. खोली गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे की नाही ते त्यावरून कळतं. मागची बेडरूम नऊ फूट नऊ बाय अकरा फूट पाच. कोपरे काटकोनात असतील तर कर्ण हिशेबाने पंधरा फूट आणि वर जेमतेम सूतभर यायला हवा. टेपवर पंधरा फूट अर्धा इंच आला. वीस वर्षं जुन्या भिंतीला एवढं माफ. हॉलचा कर्ण मात्र अडीच इंच जास्त निघाला, म्हणजे तिथला एक कोपरा उघडा, काटकोनाहून मोठा आहे. प्रोग्रॅम भिंतीचा कोन आपोआप पंधरा अंशांच्या पटीत खेचतो, त्यामुळे असा कोपरा काढताना ते चुंबक बंद करावं लागतं. विंडोजवर ऑल्ट दाबून धरलं की ते तेवढ्यापुरतं सुटतं.

मापं या वेळी स्प्रेडशीटमध्ये दोन रकान्यांत, फूट वेगळे आणि इंच वेगळे. फूट गुणिले ३०.४८ अधिक इंच गुणिले २.५४. प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये एकक फूट-इंच करून थेट टाकता आलं असतं, पण माझ्या डोक्यात टिंब आणि दशांश यांची गाठ इतकी पक्की आहे की रकाने वेगळे असलेलेच बरे.

मग भिंतींचा क्रम उलटा केला. आधी भिंती आणि नंतर खोल्या असं सगळे करतात. मी आधी खोल्या काढल्या. खोली काढायच्या साधनाने पहिला कोपरा टिचकला, एंटर दाबलं की लांबी आणि कोन टाईप करायला चौकट येते, तिथे आतलं माप लिहीत गेलो. अशा सगळ्या खोल्या, मधे भिंतीच्या जाडीएवढी फट ठेवून, जमिनीवर टाइल मांडल्यासारख्या मांडल्या. मग फटींमधून भिंती ओढल्या. मध्यरेषेचा प्रश्नच उरला नाही. ज्यांना आधी भिंतीच काढायच्या आहेत त्यांनी प्रत्येक आतल्या मापात दोन्हीकडच्या भिंतींची अर्धी जाडी मिळवून ते लिहावं. तेही चालतं, फक्त कोपऱ्यातल्या खोल्यांना वेगळी बेरीज लागते आणि तिथेच माणूस चुकतो.

पडताळणीला खोलीचं क्षेत्रफळ हाताशी असतं. बंद भिंतींच्या आत दोनदा टिचकलं की खोली आपोआप भरते आणि तिच्यावर चौरस मीटर दिसतात. जुन्या फाइलमध्ये मागच्या बेडरूमवर ८.५९ लिहिलेलं होतं, म्हणजे साडेब्याण्णव चौरस फूटसुद्धा नाही. छापील मापाने ११३ यायला हवे होते. तो आकडा पंधरा दिवस माझ्या समोर होता.

दोनदा टिचकूनही खोली भरत नसेल तर कुठेतरी भिंतीची टोकं जुळलेली नसतात. लांबून चिकटलेली दिसतात, मोठं करून बघितलं की सेंटिमीटरभर फट असते. एका भिंतीचं टोक धरून दुसरीच्या टोकावर सोडायचं, एवढंच.

आणि एक सापळा, ज्यात मी या दुसऱ्या फेरीतही अडकलो. मापाच्या रेघा, म्हणजे डायमेन्शन, भिंतीला बांधलेल्या नसतात. भिंत हलवली की रेघ जुन्या जागी जुना आकडा घेऊन तशीच उभी. पहिल्या फाइलमध्ये पॅसेजवर ‘९१’ लिहिलेली एक रेघ शेवटपर्यंत होती, भिंत ओढायच्या आधीची. ती नीट पाहिली असती तरी प्रकरण तिथेच मिटलं असतं. आता मी भिंत हलवली की त्या भागातल्या रेघा पुसून पुन्हा काढतो. सगळ्या भिंती एकदा जुळल्या की मेनूतून मूळ नकाशाला कुलूप लावतो. मग सोफा ओढताना चुकून भिंत हातात येत नाही.

उंची, रंग, ऊन आणि बाकीचं

आयत्या सेटिंगमध्ये भिंतीची उंची अडीच मीटर असते. फ्लॅटमध्ये फरशीपासून स्लॅबपर्यंत २९० निघाले. कपाटावर माळा करायचा होता. सात फुटांवर माळ्याची फळी धरली तर जुन्या फाइलमध्ये वर ३७ सेंटिमीटर उरत होते आणि मावशी म्हणत होती की एवढ्यात पापडाचा डबासुद्धा उभा राहणार नाही. खऱ्या उंचीने ७७ उरले. सगळ्या भिंती निवडून उंचीच्या चौकटीत २९० लिहिलं. बऱ्याच भिंती एकदम निवडल्या की जी मापं वेगवेगळी असतात त्या चौकटी रिकाम्या दिसतात. त्या रिकाम्याच सोडाव्यात, त्यात काही लिहिलं तर सगळ्यांना तेच लागतं.

जाडी बदलण्याआधी बसवलेली दारं माझ्या फाइलमध्ये पातळच राहिली, जाड भिंतीत अडकलेल्या पत्र्यासारखी. एकेकाची जाडी वाढवण्यापेक्षा काढून पुन्हा भिंतीवर सोडली, ती नीट बसली.

रंगाचा घोळ असा की भिंतीला डावी आणि उजवी अशा दोन बाजू असतात आणि डावी कुठली हे भिंत कुठून कुठे ओढली त्यावर ठरतं. हॉलला दिलेला पिस्ता रंग बेडरूममध्ये उगवला तर घाबरायचं नाही, दुसऱ्या बाजूला द्यायचा.

फर्निचरच्या यादीतली मापं युरोपी घरांची आहेत. आपला सहा बाय सव्वासहाचा पलंग, चौतीस इंची ओटा, देवघर, हे आपणच माप बदलून करायचं. देवघर मी छोट्या कपाटाचं केलं. मावशीला ते पटलं नाही, पण जागा कळली.

फाइल हळू चालण्याचं कारण वेगळंच निघालं. कॅमेरा फिरवला की पंखा बोंबलायचा आणि त्रिमित चित्र अडकायचं. लॅपटॉप जुना म्हणून मी त्यालाच दोष देत होतो. या प्रोग्रॅमची फाइल ही आतून झिप फाइलच असते. तिची एक प्रत करून नावाचं शेपूट झिप केलं आणि उघडली, तर आतल्या सगळ्या वस्तू आकारासकट दिसल्या. एकट्या सोफ्याने निम्म्याहून जास्त जागा व्यापली होती. इंटरनेटवरून उतरवलेला तो सोफा शिवणीच्या टाक्यांसकट घडवलेला होता. यादीतला साधा सोफा त्याच मापाचा करून ठेवला आणि पंखा गप्प झाला. सोफा कुठे बसतो एवढंच बघायचं असताना टाके कशाला हवेत?

मावशीचा पुढचा प्रश्न उन्हाचा. नकाशावर एक होकायंत्र असतं, ते फिरवून उत्तर दाखवायची आणि त्यात जागेचे अक्षांश-रेखांश भरायचे. जागा प्रोग्रॅम संगणकाच्या टाइम झोनवरून स्वतःच धरतो, पण आपल्या देशात गुजरातपासून अरुणाचलपर्यंत एकच वेळ, त्यामुळे तिच्यावर विसंबण्यात अर्थ नाही. साताऱ्याचे १७.७ उत्तर आणि ७४ पूर्व भरले. मग तारीख आणि वेळ देऊन फोटो काढला की सावल्या खऱ्यासारख्या पडतात. मार्चच्या दुपारी ओट्यावर ऊन येत नाही हे तिथे दिसलं. जूनचा फोटो काढला तर दुपारी बारानंतर उत्तरेच्या खिडकीतून ऊन आत. मला वाटलं पुन्हा काहीतरी उलटं झालं, होकायंत्र तपासलं. उलटं काही नव्हतं. सातारा कर्कवृत्ताच्या खाली आहे, मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य माध्यान्हीला आपल्या उत्तरेला असतो. जून-जुलैत साताऱ्यात तो दिसतो किती दिवस, हा भाग वेगळा.

काकांनी सगळ्या खोल्यांच्या क्षेत्रफळाची बेरीज करून बघितली आणि कागदावरच्या आकड्याशी जुळत नाही म्हणून फोन केला. ती जुळणार नाहीच. प्रोग्रॅम खोलीचं क्षेत्रफळ भिंतींच्या आतल्या पृष्ठांपासून मोजतो. २०१६ च्या रेरा कायद्यातल्या कार्पेट एरियाच्या व्याख्येत बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत, पण घरातल्या आतल्या पार्टिशन भिंतींखालची जागा धरतात. म्हणजे नव्या फ्लॅटचा कार्पेटसुद्धा खोल्यांच्या बेरजेपेक्षा जास्तच दिसणार. आणि आपल्या फ्लॅटचा मूळ करारनामा तर त्या कायद्याच्या आधीचा, त्यात लिहिलेलं आहे बिल्ट-अप, म्हणजे भिंतींसकट. काकांना हे दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा त्यांनी फोन मावशीकडे दिला.

छापलेला कागद

मिस्त्रींना कपाटासाठी नकाशा छापून हवा होता. पान जुळणीत एकास पन्नास हे प्रमाण निवडलं आणि पीडीएफ केली. गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याने ती ‘पानात बसवा’ करून छापली आणि प्रमाण गेलं. हे कळलं ते एका जुन्या युक्तीमुळे. नकाशाच्या कडेला मी एक मीटरची मापाची रेघ मुद्दाम काढून ठेवतो. एकास पन्नासमध्ये ती कागदावर बरोबर दोन सेंटिमीटर यायला हवी. पट्टी लावली तर १.९ भरली. परत गेलो, शंभर टक्क्यांवर छापून घेतली, दोन आली.

कपाट पूर्वेच्या भिंतीला, पलंग समोर, मधे एक फूट नऊ इंच. झडपा पंधरा इंचांच्या करायच्या, म्हणजे उघडी झडप आणि पलंग यांच्यामधे बोटं सापडणार नाहीत. सोसायटीचा अर्ज काकांनी परत घेतला.

कागद मिस्त्रींना दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, घडी घालून खिशात ठेवला, पोराला हाक मारली आणि टेप काढली. कपाटाच्या मागच्या भिंतीवर त्यांनी पेन्सिलीने मोठ्या अक्षरात माप लिहिलं. फूट वेगळे, इंच वेगळे, मधे आडवी रेघ. टिंब नाही.